समोरच्या घराचा सौदा

थोरल्याला स्वतःच्याच घरात दिव्याचं बटण सापडेना.

"उजव्या हाताला," मी म्हटलं.

त्याने उजवीकडे चाचपलं. पंखा सुरू झाला.

"त्याच्या खालचं."

दिवा लागला तशा सोफ्यावरच्या, टेबलावरच्या, खुर्च्यांवरच्या पांढऱ्या चादरी दिसायला लागल्या. भर दुपार होती, पण पडदे बंद ठेवायचे हा थोरल्याचाच हुकूम. उन्हाने सोफ्याचा रंग उडतो म्हणे. ज्या सोफ्यावर कधी कुणी टेकलं नाही, त्याच्या रंगाची एवढी काळजी.

"बाई गं, शवागारात आल्यासारखं वाटतंय," माझी लेक म्हणाली.

"या चादरी मी धुते," मी म्हटलं. "शवागारात कोण धुतं?"

धाकटा हसला. त्याची बायको हसली नाही. तिने एका खुर्चीवरची चादर काढली, नीट चौघडी केली, मांडीवर घेतली आणि बसली. तिथून पुढे बराच वेळ ती एक अक्षर बोलली नाही, आणि मीही तिच्याकडे पाहिलं नाही. बोलायचं होतं ते माझ्या पोरांना. ती आलेली होती नवऱ्याबरोबर, एवढंच मी धरून चालले होते.

थोरल्याचं हे घर माझ्या खिडकीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडच्या इमारतीत. त्याने ते घेतलं तेव्हा म्हणाला होता, "आई, म्हातारपणी येऊन राहीन. तू खिडकीतून हाक मार, मी चहाला येतो." तो काही आला नाही. माझ्या कामात मात्र एक घर वाढलं.

माझं काम म्हणजे बंद घरं उघडणं. ह्यांच्या माघारी मी ते धरलं. आमचा रस्ता बघता बघता बाहेरच्या देशांतल्या लोकांनी विकत घेतला. घर घ्यायचं, कुलूप लावायचं, निघून जायचं. मागे मी. लोकांना वाटतं, बंद घराला काय होतंय. बंद घर लेकरासारखं मागे लागतं. आठवडाभर कुणी गेलं नाही तर न्हाणीघरातल्या जाळीखालच्या वाकड्या नळीतलं पाणी आटतं आणि गटार सरळ वर येऊन घरात बसतं. मग प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं, नळ सोडायचे, खिडक्या उघडायच्या, गाद्या उलटायच्या, पुन्हा सगळं बंद करून खाली यायचं. थोरल्याचं घरही मी तसंच उघडत होते. फरक एवढाच की बाकीचे त्याचे पैसे देत आणि थोरला फोनवर विचारी, "ठीक आहे ना सगळं?" उंटावरून शेळ्या हाकायला त्याला लहानपणापासून आवडतं.

आणि आता कायदा आला होता. येत्या पहिल्या तारखेपासून परदेशी माणसाला इथे राहतं घर विकत घेता येणार नाही. इथल्या लोकांना घरं परवडत नाहीत, कमावती पोरं गावाबाहेर फेकली गेली, म्हणून. वरातीमागून घोडं. आमचा अख्खा रस्ता विकून झाला तेव्हा सरकारला जाग आली. ज्यांची घरं आधीपासून आहेत त्यांची राहणार. पण ती बंद ठेवली तर दर वर्षी कर, आणि तोही चढता.

म्हणून थोरला आला होता. घर काढून टाकायला.

"दादा, माझ्याकडे गिऱ्हाईक तयार आहे," लेक म्हणाली. ती घरांची दलाली करते, म्हणून घरात सगळे तिला दलालीणबाई म्हणतात, आणि तिला ते आवडतं असं ती दाखवते. "बाहेरचाच आहे. पहिल्या तारखेच्या आत सही करायला घाईला आलाय, त्यामुळे घासाघीस करणार नाही. पहिलीनंतर हेच घर घ्यायला फक्त इथले लोक उरतील, आणि इथल्या लोकांच्या खिशात काय आहे ते आपला धाकटा सांगेल."

"माझ्या खिशात पाना आहे," धाकटा म्हणाला.

तो लिफ्टा दुरुस्त करतो. आमच्याच भागातल्या, पण राहतो पार शेवटच्या बसथांब्याच्या पलीकडे, कारण भाडं तिथेच झेपतं. सकाळी अंधारात निघायचं, इथे येऊन ज्या लिफ्टमधून कुणी जात-येत नाही तिला तेल घालायचं, आणि परत अंधारात घरी. मी घरं जिवंत ठेवते, तो लिफ्टा जिवंत ठेवतो. मायलेकरांचा धंदा एकच.

मी ठरवूनच आले होते. हे घर धाकट्याला मिळालं पाहिजे. तो इथे आला तर त्याचं मरमर जाणं-येणं वाचेल, त्याच्या पोरी माझ्या डोळ्यांसमोर वाढतील, आणि समोरच्या खिडकीत माणूस दिसेल. शेवटचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं काही कारणही नव्हतं.

"घर भावाला दे," मी थोरल्याला म्हटलं. "तू घेतलंस त्या भावाने."

"आई," लेक म्हणाली, "तेव्हाचा भाव म्हणजे आजचा अर्धासुद्धा नाही."

"भाऊ तरी पूर्ण आहे ना."

थोरला उठून पडद्याजवळ गेला. पडदा उघडायची दोरी त्याने उलटी ओढली, मग सुलटी. समोर माझी खिडकी दिसली, खाली रिकामा रस्ता.

"परक्याला विकायचं आणि सख्ख्याला नाही म्हणायचं, हे मला पटत नाही," मी म्हटलं.

"आई, कायद्याने दादाच परका आहे," लेक म्हणाली. "त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय. पहिलीनंतर त्यालासुद्धा इथे घर घेता येणार नाही. हे एकदा विकलं की संपलं."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. तिकडचे कागद त्याने केल्याचं त्याने सांगितलं होतं, मी "बरं" म्हटलं होतं. पण कागद म्हणजे कागद असं मी समजत होते. माझ्या पोटचा पोर सरकारदरबारी परका, हे कुणी असं तोंडावर म्हटलं नव्हतं.

"खरं का रे?"

"खरं आहे," तो म्हणाला, बाहेरच बघत. "घेता येणार नाही. वारसाने मिळालं तर ठेवता येतं."

"म्हणजे मी मेले तर."

"मी तसं म्हटलं नाही."

"तू नाही, कायदा म्हणतोय. बरा शहाणा आहे कायदा. आई जिवंत असेतोवर लेक परका, मेल्यावर आपला."

पंखा तेवढा फिरत होता. तो बंद करायचं थोरल्याच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या वेळी त्याच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. थोडं त्याने फोनवर सांगितलं, उरलेलं मी आई आहे म्हणून भरलं. त्याची मुलगी तिकडे शिकून नोकरीला लागलेली, पण एका खोलीत तिघीजणी राहतात. घर घेणं तिला या जन्मी जमायचं नाही. थोरला स्वतःच अजून भाड्याने राहतो. आम्हाला इथे वाटे, आपला थोरला तिकडे बंगल्यात. जहाजांच्या विम्याच्या कचेरीत मोठा माणूस, कोट घालून फोटो पाठवतो. बंगला कसला. तिकडच्या गल्लीतले लोक त्याच्या तोंडावर म्हणतात, तुमच्यासारखे बाहेरून आले म्हणून आम्हाला घरं मिळत नाहीत. आणि इथे आला तर सख्खी बहीण त्याला कायदा वाचून दाखवते. इथलं घर विकून मुलीला तिकडे एक खोली घ्यायची, एवढाच त्याचा हिशेब होता. तो त्याने कुणाला सांगितला नाही, कारण सांगितला असता तर बंगला गेला असता.

धाकटा गॅलरीत गेला तसा थोरलाही मागोमाग गेला. दार लोटलेलं होतं, पण ऐकू येत होतं. बंद घराची दारं फुगतात, नीट लागत नाहीत.

"तुला हवंय का घर?" थोरल्याने विचारलं.

"आईला हवंय."

"मी तुला विचारतोय."

"दादा, तू घेतलंस त्या भावानेसुद्धा माझं म्हातारपण जाईल फेडण्यात."

"आई म्हणते देऊन टाक."

"आई काय, चंद्रसुद्धा वाटून देईल. चंद्र तिच्या खिडकीतून दिसतो ना."

दोघं हसले. किती दिवसांनी एकत्र हसले असतील. लहानपणी एका पांघरुणात हसायचे आणि मी दटावायची. आता मी आत बसून ऐकत होते आणि मला वाटलं, आता जमलं. भाऊ भावाला हसला म्हणजे काम झालं.

लेक माझ्याजवळ सरकली. "आई, माझंही ऐक. पहिलीनंतर माझ्या टेबलावर चहाचे कप तेवढे उरणार आहेत. माझी सगळी गिऱ्हाइकं बाहेरची होती. हा सौदा झाला तर मी वर्षभर तगेन. तू धाकट्याचं बघतेस. माझं कोण बघणार?"

"तू खंबीर आहेस."

"हे तू मी सहा वर्षांची असल्यापासून सांगतेस. खंबीर आहे म्हणून भूक लागत नाही का?"

तिच्या बोलण्याला उत्तर द्यायला गेलं की संध्याकाळ होते, आणि धाकट्याला बस गाठायची होती. मी दोघांना आत बोलावलं आणि माझं शेवटचं सांगितलं.

"थोरल्या, तू हे घर धाकट्याला त्याला झेपेल त्या भावाने दे. त्याच्या बदल्यात माझं घर तुझ्या नावावर. मी मेले की तुझं. वारसाने मिळालेलं कायद्याला चालतं, आत्ताच सांगितलंस. म्हणजे तुझी जागा राहिली, भावाची झाली."

थोरला माझ्याकडे बघत राहिला. माझ्या घराला आजच्या दिवसात काय किंमत आहे ते त्याला माहीत होतं. दलालिणीला तर आण्यापैशासकट माहीत होतं.

"आणि मला?" ती म्हणाली.

"तुला दोन्ही सौद्यांची दलाली."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी आई असती तर खाली बघितलं असतं. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे भांडं नाही, गॅस नाही. ती नुसतीच ओट्याला टेकून उभी राहिली असणार.

थोरला खुर्चीत बसला, चादरीवरच. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "बरं," तो म्हणाला. "देतो." त्याची मुलगी त्याच्या डोळ्यांसमोर आली असेल. मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी मागे हटले असते असं नाही. जवळच्या नातीचं आधी, लांबच्या नातीचं मग. माझे हात तेवढेच पुरतात.

"झालं तर मग," मी म्हटलं. "शाळा बंद झाली की पोरींना घेऊन या. खोल्यांची मी सोय लावते. आतली खोली पोरींना. तिला सकाळचं ऊन आहे."

तेव्हा धाकटी सून बोलली.

"आई, मी इथे राहायला येणार नाही."

आवाज चढवून नाही. दाताच्या दवाखान्यात काम करते ती. दुखणाऱ्या माणसाशी बोलायची तिला सवय आहे. त्याच आवाजात बोलली.

"का?" मी म्हटलं. "घर लहान पडतं का? तुमच्या दोन खोल्यांपेक्षा दुप्पट आहे."

"घर मोठं आहे. पण इथे माणसं नाहीत. परवा धाकटी पोर तापाने फणफणली. मी दवाखान्यात, हे लिफ्टच्या खड्ड्यात. आमच्या खालच्या काकूंनी तिला मांडीवर घेऊन दुपार काढली. पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, मला फोनसुद्धा केला नाही, मी घाबरेन म्हणून. इथे मी कुणाचं दार वाजवू?"

"माझं."

"तुम्ही घरी असता कुठे? दिवसभर लोकांची घरं उघडत फिरता."

धाकटा म्हणाला, "अगं, हळू."

"हळूच बोलतेय. येताना मी खाली उभं राहून बघितलं, आई. एवढा रस्ता, आणि वाळत घातलेलं एक फडकं नाही. पोरी खेळणार कुणाशी? कायदा आला म्हणून उद्या इथे लोक राहायला येतील असं नाही. यायला वीस वर्षं लागतील. तोपर्यंत पोरींचं लहानपण संपलेलं असेल, आणि आम्ही हप्ते फेडत असू."

मला राग आला. राग येण्यासारखंच होतं. एका पोराच्या तोंडचं काढून दुसऱ्याला द्यायचं, स्वतःचं घर पणाला लावायचं, आणि सून म्हणते माणसं नाहीत. मी काय माणूस नव्हते?

"मग इतका वेळ तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलीस?"

"तुम्ही मला विचारलं नाहीत."

"नवऱ्याला विचारलं."

"ह्यांना तुमच्यासमोर नाही म्हणता येत नाही. हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणूनच तुम्ही ह्यांना विचारता."

स्वयंपाकघराच्या दारात लेक येऊन उभी होती. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, पण ती भावजयीकडे पहिल्यांदाच नीट बघत होती. "बरोबर बोलतेय ती," लेक म्हणाली. आजवर या दोघींचं एका गोष्टीवर एकमत मी पाहिलं नव्हतं. जमायचं तर माझ्याविरुद्धच जमायचं होतं.

मी धाकट्याकडे वळले. "तुझं तू सांग. यायचंय की नाही?"

तो फरशीकडे बघत होता. कामावर त्याची नजर वर कुठेतरी असते, आणि माणसांशी बोलताना खाली. "मला तुझ्याजवळ राहायला आवडेल, आई," तो म्हणाला. "पण इथे नाही."

"मी इथेच आहे. इथे नाही आणि माझ्याजवळ, हे कसं जमायचं?"

उत्तर सुनेने दिलं.

"तुम्ही चला ना आमच्याकडे," ती म्हणाली. "बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून पलंग बसतो. मी मोजून बघितलंय. पोरी खूश होतील. खालच्या काकू तुमच्याच वयाच्या आहेत, त्याही तोंडाच्या फटकळ. तुमचं जमेल."

मोजून बघितलंय म्हणाली. म्हणजे आधीच कधीतरी, मी नसताना, पट्टी घेऊन भिंतीपाशी वाकली असेल. हे माझ्या लक्षात आलं, पण जीभ तोवर सुटली होती.

"मला कुणाच्या बाहेरच्या खोलीत पडायची सवय नाही," मी म्हटलं. "माझं घर आहे. माझं काम आहे. मी काय अडगळ आहे, भिंतीला लावून ठेवायला?"

असं म्हणतात लोक. पहिल्यांदा नाहीच म्हणतात. मी सासूला असंच नाही म्हणायची, माझ्या आईने आयुष्यभर माझ्याकडे यायला असंच नाही म्हटलं, आणि प्रत्येक वेळी मी पुन्हा म्हटलं, असं काय करतेस, चल, आणि मग ती आली. म्हणणाऱ्याने तीनदा म्हणायचं, नाही म्हणणाऱ्याने दोनदा नाही म्हणायचं. याला काही शिकवावं लागत नाही, असं मी समजत होते.

सून थोडा वेळ थांबली. मीही थांबले. माझी नजर खिडकीबाहेर होती, पण कान तिच्याकडे होते.

"बरं," ती म्हणाली. "तुमची मर्जी."

ती सरळ बाई आहे. मी म्हटलं ते तिने खरं धरलं. मांडीवरची चादर तिने पुन्हा खुर्चीवर घातली, कोपरे ओढून सारखे केले आणि चपला शोधायला लागली. धाकटा माझ्या पाया पडला, त्याचे हात वंगणाने काळे झालेले, कितीही धुतले तरी जात नाहीत. "येतो," म्हणाला. कधी ते म्हणाला नाही.

मी दारापर्यंत गेले. जिन्यावरून दोघं उतरली. लिफ्ट चालू होती, त्यानेच ठेवलेली, तरी ती जिन्याने गेली. पहिल्या वळणावर सूनबाई थांबली, वर बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल.

"पोहोचलो की फोन करते, आई."

"कर," मी म्हटलं.

आत आले तर थोरला आणि दलालीणबाई शेजारी शेजारी बसलेले. ती मोबाइलवर त्या बाहेरच्या गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलत होती, हसून, धंद्याच्या आवाजात. थोरला माझ्याकडे बघत नव्हता. सुटल्यासारखा दिसत होता आणि सुटल्याची लाजही वाटत होती, लहानपणी मार चुकला की दिसायचा तसा.

"आई, रागावलीस?"

"कशाला रागावू? पंखा बंद कर. उगाच फिरतोय."

त्याने दिवा बंद केला. मग पंखा.

"उद्या सह्या करून टाकू," लेक फोन ठेवून म्हणाली. "तो इथे वर्षातून एखादा आठवडा येईल म्हणतो. कर भरायची त्याची तयारी आहे. पैसेवाला आहे." ती जराशी घुटमळली. सकाळपासून ती माझ्याशी पहिल्यांदाच मुलीसारखी बोलली. "तो विचारतोय, घराची देखभाल कोण करेल. तू करशील का?"

तिने एकदाच विचारलं.

"करीन," मी म्हटलं.